मालिका नको, सीझन जपा

नमस्कार मंडळी. रविवार संध्याकाळ आणि घोडबंदर रोड, तरी कोपरीपासून कासारवडवलीपर्यंतची माणसं या क्लबहाऊसमध्ये बसलीयेत, म्हणजे विषयात दम आहे. बोर्डवर लिहिलंय, कायम जपावेत असे पाच सीझन. ते पाच मी सांगणार आहे, पण आठला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, तेव्हा मधेच मला कोणी घड्याळ दाखवलंत तर राग नाही.

माझं म्हणणं साधं आहे. मालिका जपू नका, सीझन जपा. आपण एखाद्या मालिकेचं नाव घेतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातला एक तुकडा आपल्याला आवडलेला असतो, पण आपण अख्खीच डोक्यावर घेतो आणि मग तिचा शेवट फसला की सगळ्यालाच शिव्या घालतो. गेम ऑफ थ्रोन्स घ्या. 2011 ते 2019, आठ सीझन, 73 एपिसोड, आणि शेवटच्या सीझनवर लोक अजून चिडलेले आहेत. ठीक आहे, चिडा की. पण पहिला सीझन त्यामुळे वाईट झाला का? दहा एपिसोड. एक सरळ माणूस राजधानीत येतो आणि नवव्या एपिसोडला त्याचं मुंडकं उडतं. तेवढं ठेवा ना, बाकीचं कोणी गळ्यात बांधलंय?

यावर नेहमीचा प्रश्न येतो, की शेवट माहीत असताना परत काय बघायचं. अहो, गडकरी रंगायतनला आपण तेच नाटक दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बघायला जातो ते काय शेवट विसरलो म्हणून? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामायण परत लावलं, घराघरात लोक बघत बसले, रावणाचं काय होणार याची कोणाला उत्सुकता होती? माझी कसोटी हीच आहे. ज्या सीझनचा जीव सस्पेन्समध्ये आहे तो एकदा बघून सोडून द्या, कितीही भारी असला तरी. ज्याचा जीव माणसांमध्ये आहे तो ठेवायचा.

आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा मराठीत आहे, रात्रीस खेळ चाले. पहिला सीझन 2016 चा, तो सुरूच होतो अण्णा नाईकांच्या मरणाने. दुसरा आला 2019 मध्ये आणि तो गोष्ट मागे नेतो, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. म्हणजे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की हा माणूस मरणार आहे, आणि तरी रोज रात्री साडेदहाला माधव अभ्यंकरांचा तो आवाज आला की जेवणाची ताटं तशीच ठेवून माणसं टीव्हीपुढे. आमची आई सावंतवाडीकडची, शूटिंग त्याच बाजूला आकेरीच्या वाड्यात, त्यामुळे घरात तर उत्सवच. मी एकदा म्हटलं, आई, तुला शेवट माहितीये ना? तर म्हणाली, "माका म्हायत आसा तो मरतलो ता, पण जितो असताना कसो वागलो ता बघूक होया." मी जे अर्धा तास समजावणार होतो ते तिने एका वाक्यात संपवलं.

आता तक्रार, आणि ही मी सविस्तर करणार आहे. आईसाठी आम्ही रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स घेतला होता, जास्तीचे पैसे भरून. कंपनीचं नाव सोडा. आईने त्यात रात्रीस खेळ चालेचा दुसरा सीझन साठवायला घेतला, आणि नुसता साठवला नाही, तर निवडून. अण्णा आणि त्यांचं जिच्याशी प्रकरण असतं त्या शेवंताचे समोरासमोरचे एपिसोड वेगळे, पांडूचे वेगळे, नको असलेले ती रिमोटने स्वतः डिलीट करायची. म्हणजे सत्तरी ओलांडलेली बाई संपादन करत होती, आणि दुपारी जेवण झालं की त्यातला एक लावायची, कधीकधी तोच दोन दिवस लागोपाठ. मग एका पावसाळ्यात बॉक्स बंद पडला. टेक्निशियन आला, पोरगा बिचारा चांगला होता, त्याने नवीन बॉक्स जोडला आणि जुना बॅगेत भरला. मी म्हटलं, अरे थांब, त्यातली हार्डडिस्क दे, मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. तो म्हणाला, "काका, उपयोग नाही, रेकॉर्डिंग त्या बॉक्सलाच लॉक असतं, दुसरीकडे कुठेच उघडणार नाही." आणि बॉक्स कंपनीच्या मालकीचा, तो परत द्यावाच लागतो. कस्टमर केअरला फोन केला तर तक्रार नंबर मिळाला, एपिसोड नाही मिळाले. आईने एवढंच विचारलं, शेवंता पण गेली?

मला राग याचा येतो की पैसे आपले, वेळ आपला, निवड आपली, आणि कुलूप त्यांचं.

कोणी म्हणेल, आता ॲपवर सगळं मिळतं. 31 मार्च 2023 ला गेम ऑफ थ्रोन्सवाल्या एचबीओच्या सगळ्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, मग 2025 मध्ये ती दोन्ही ॲपच एक झाली. आपण सोफ्यावरून हललो नाही, मालिका मात्र बिऱ्हाडं बदलत फिरतायत. आणि टिकवायचं काम मोठ्या संस्था करतील या भरवशावर तर राहूच नका. खुद्द बीबीसीने आपल्याच डॉक्टर हू मालिकेच्या साठच्या दशकातल्या टेप पुसल्या, नव्वदहून जास्त एपिसोडचं चित्र आजही सापडलेलं नाही. पण त्या प्रत्येक एपिसोडचा आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून ठेवला होता. घरच्या माणसांनी! आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून पुस्तकं सांभाळतंय, मालिकांसाठी तसं कोण आहे? आपणच आहोत. डीव्हीडी मिळत असेल तर विकत घ्या, जुनी मिळाली तरी घ्या, आणि घरात एक तरी प्लेअर चालू ठेवा.

बरं, घड्याळ दाखवलंत. पटापट सांगतो.

रात्रीस खेळ चालेचा दुसरा झाला. पुढचा द वायर या अमेरिकन मालिकेचा चौथा, 2006 चा, 13 एपिसोड, बाल्टिमोरच्या शाळेतली चार मुलं. त्यात वर्गात एक मुलगी दुसरीच्या तोंडावर ब्लेड मारते, सगळा वर्ग हादरलेला, आणि डुकी नावाचा मळक्या कपड्यातला पोरगा जाऊन त्या मारणाऱ्या मुलीशेजारी बसतो आणि हातातला छोटासा पंखा तिच्या चेहऱ्यासमोर धरतो. पहिल्यांदा बघताना हे निसटतं. पुढे डुकीचं काय होतं ते कळल्यावर परत बघा, तो पंखा बघवत नाही.

पंचायतचा दुसरा, 2022 चा. ज्यांनी बघितला नाही त्यांनी कान बंद करा. शेवटी गावचा उपप्रधान प्रल्हादचा मुलगा जातो हे माहीत असताना पहिल्या एपिसोडपासून प्रल्हादचं हसणं बघा, तो वेगळाच सीझन होतो. फैझल मलिकने तिथे काय काम केलंय!

साराभाई व्हर्सेस साराभाई, 2004 ला सुरू झालेला पहिला, 2017 चा नाही. त्यातले सतीश शाह 2025 च्या ऑक्टोबरात गेले, तेव्हापासून आमच्याकडे जास्तच लागतो. आणि फॉल्टी टॉवर्स, ही ब्रिटिश विनोदी मालिका, त्यात निवडायलाच नको, 1975 चे सहा एपिसोड आणि 1979 चे सहा, संपलं. कुठे थांबायचं हे कळलेली माणसं.

सहावं नाव यादीत नाही पण घेतल्याशिवाय उतरणार नाही, श्रीयुत गंगाधर टिपरे. अडचण अशी की 2001 ला सुरू झालेल्या त्या मालिकेला सीझन नाहीतच, आपल्याकडे तेव्हा ती पद्धत नव्हती. मी ठरवलंय की दिवाळी ते दिवाळी कापायची, दिलीप प्रभावळकरांचे आबा रोज रात्री डायरीच लिहितात, तर वर्ष हेच त्यांचं माप. पहिलं वर्ष मला हवंय. तुमच्यापैकी कोणी तेव्हा व्हीसीआरवर टेप केलं असेल तर माळ्यावर बघा, त्या कॅसेटला कसलंच लॉक नसतं, आणि माझा व्हीसीआर अजून चालू आहे. बुरशी लागलेली असली तरी टाकू नका, आणून द्या, मी साफ करून उतरवतो आणि कॉपीसकट परत देतो.