इपॉक्सी मारण्याआधी कोब्यातली ओल तपासा

नमस्कार मंडळी. जमिनीवर निळा समुद्र ओतून दाखवणारी ती रील्स सुरू झाल्यापासून माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली इपॉक्सीच, म्हणजे जमिनीवर ओतला की कडक होणारा रेझिनचा थर, विचारली जातेय. विश्रामबागेतून कुणी पार्किंगसाठी, कुपवाड एमआयडीसीतून कुणी शेडसाठी, तासगावहून कुणी बेदाण्याच्या युनिटसाठी. आणि प्रश्न ठरलेला: "दादा, चौरस फुटाला किती पडतील?" दर मी आज सांगणार नाही. खालचा कोबा न बघता फोनवर ठरवलेला दर पुढे टिकत नाही आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

आधी सोपं सोपं उरकू. डबे दोन येतात, रेझिन आणि हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया होते आणि माल कडक होतो. म्हणून प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच घ्यायचं, आणि ते वजनाने दिलंय की मापाने हेही वाचायचं. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल, हे डोक्यातून काढा. जादाचा हार्डनर तसाच राहतो आणि जमीन चिकट राहते. ड्रिलला पॅडल लावून सावकाश घोटा, बादलीच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा घोटा. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज. अंगाला लागलं तर थिनरने पुसू नका, साबण-पाण्याने धुवा. काहींना याची कायमची ॲलर्जी बसते.

एक हिशोब मात्र लिहून घ्या. थिनर नसलेला, शंभर टक्के घन माल असेल तर १ लिटरमध्ये १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर थर बसतो. १० बाय १० फुटांची खोली म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. तिथे २ मिलिमीटर हवे असतील तर साडेअठरा लिटर माल लागणार. कुणी ४ लिटरच्या डब्यात तीच खोली "दोन एमएम" करून देतो म्हणाला, तर जाडी येईल ०.४ मिलिमीटर. आणि मालात निम्मा थिनर असेल तर तो उडून जाणार, थर त्याच्याही निम्मा. बिलावर मालाचे लिटर लिहून घ्या, नुसते चौरस फूट नको.

आता ज्यासाठी आज बसलोय ते. ओल.

आपली सांगली कृष्णेच्या काठावर, खाली काळी माती. जुन्या घरांत, जुन्या शेडमध्ये कोब्याखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरलेला क्वचितच सापडतो. मग मातीतली ओल कोब्याच्या बारीक छिद्रांतून वर येते आणि हवेत निघून जाते. हे रोज चालू असतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही, कारण जमीन वरून कोरडीच दिसते. तिच्यावर इपॉक्सी मारली की ओलीची वाट बंद. ती थराखाली साचते, दाब वाढतो आणि एक दिवस फोड येतात.

सांगलीवाडीला एका गॅरेजवाल्याने बोलावलं होतं. काम दुसऱ्या ठेकेदाराचं, ऐन उन्हाळ्यात केलेलं. तेव्हा जमीन खडखडीत वाळलेली, सगळे खूश. पावसाळा सरता सरता जमिनीवर रुपयाएवढे फोड. मी एकाला खिळा टोचला तर आतून पाणी उडालं, बोटाला बुळबुळीत लागणारं. शेजारचा पोपडा उचलून आणलाय, जवळ धरतो, बघा. वरून हिरवा, गुळगुळीत. आता उलटा करतो. मागची बाजू स्वच्छ आहे ना? सिमेंटचा एक कण चिकटलेला नाही. म्हणजे इपॉक्सीने कोबा धरलाच नाही. असं धुळीने होतं, तेलाने होतं, ओलीने होतं. इथे पाणी तर समोरच होतं. पोपड्यामागे सिमेंटचा पांढरट पापुद्रा चिकटून आला असता तर दोष वेगळा, वरचा कच्चा थर ग्राइंडरने काढलाच नव्हता असं समजायचं. म्हणून सांगतो, पोपडा झाडून टाकू नका. ठेकेदाराला फोन लावायच्या आधी उलटा करून बघा.

दुसरी बाजू नव्या कोब्याची. "दादा, २८ दिवस झाले, आता मारू का?" अहो, २८ दिवसांचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा आहे, सुकण्याचा नाही. ताकद यावी म्हणून तर आपण त्याला पाणी मारतो! सुकणं त्यानंतर सुरू होतं. ढोबळ नियम असा की दर इंच जाडीला एक महिना धरा. ४ इंचांचा कोबा असेल तर चार महिने, आणि मध्ये पावसाळा आला तर त्याहून जास्त. बिल्डरला घाई असते हे मला कळतं, पण घाई त्याची आणि जमीन तुमची.

आणि तिसरी बाजू, जी कमेंटमध्ये सारखी येते. "आमचा कोबा वीस वर्षांचा आहे, आता कुठली ओल?" भाऊ, वीस वर्षांत कोब्यातलं पाणी सुकलं असेल, मातीतलं सुकलं का? खालून रोज नवीन येतंय. उलट जुन्याच कोब्यात धोका जास्त, कारण खाली कागद नसतो. दुसरे एक दादा लिहितात, ब्लो टॉर्चने शेकून घेतलं की झालं. वरचे दोन-तीन मिलिमीटर सुकतात, पोटातलं तसंच राहतं. तिसरे म्हणतात, प्रायमर मारला की ओल थांबते. साधा प्रायमर माल धरून ठेवायला असतो, ओल अडवायला नाही.

तपासायचं कसं, तर खर्च जवळजवळ शून्य. पारदर्शक जाड प्लॅस्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा घ्या, जमिनीवर ठेवा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा. कमीत कमी १६ तास हात लावायचा नाही. मग उचला. प्लॅस्टिकच्या आत पाण्याचे थेंब असतील किंवा तेवढा चौकोन काळपट पडला असेल, तर ओल आहे. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ४२६३ या मानकात हीच पद्धत आहे आणि दर ५०० चौरस फुटांना एक तुकडा लावायला सांगितलंय. थेट उन्हात लावू नका. एक तुकडा भिंतीच्या कडेला आणि एक मोरीजवळ लावाच. आणि एप्रिलमध्ये कोरडा निघालेला कोबा ऑगस्टमध्ये कोरडा असेलच असं नाही. जमत असेल तर पावसाळ्यातही एकदा लावून बघा, मग माल खरेदी करा. ठेकेदार म्हणाला याची गरज नाही, तर प्लॅस्टिक तुम्ही स्वतः लावा. त्याला विचारायची गरज नाही.

वेळेचं थोडक्यात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी घोटलेला माल बादलीतच तापतो आणि कडक होतो. तापमान १० अंशांनी वाढलं की क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. घोटला की लगेच जमिनीवर ओता. सकाळी ऊन चढताना कोब्यातली हवा फुगून वर येते आणि थरात टाचणीएवढी भोकं पडतात, म्हणून पहिला हात संध्याकाळी बरा. पावसाळ्यात तर हात लावूच नका. दमट हवेत वर पांढरट, तेलकट थर येतो. आलाच तर कोमट साबण-पाण्याने धुवून, सुकवून मगच दुसरा हात.

गच्चीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: नाही. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते, पावडर सुटते. दूध संकलन केंद्र किंवा डेअरीवाल्यांनी पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीटची चौकशी करावी. दुधाचं आम्ल आणि गरम पाण्याची धुलाई साध्या इपॉक्सीला सोसत नाही.

गावभागातल्या एका ताईंनी लिहिलंय, २०१९ आणि २०२१ ला घरात पुराचं पाणी आलं, इपॉक्सी मारली तर पुढच्या वेळी वाचेल का? ताई, पाणी दारातून येणारच आहे, ते इपॉक्सी अडवत नाही. गाळ धुवायला सोपं जाईल, हे खरं. पण पूर ओसरल्यावर खालची माती महिनोन् महिने ओली राहते आणि दाब खालून येतो. तुमच्या घरात मी तरी मारणार नाही.

मग चाचणीत ओल निघाली तर काय? ओल्या काँक्रीटसाठीच बनवलेले ओलरोधक प्रायमर मिळतात, पण कितीपर्यंत ओल चालते हे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते मागा, आणि कोब्यातली ओल मीटरने मोजून घ्या. शेड असेल तर कोबा घासून लिथियम सिलिकेटचं डेन्सिफायर, म्हणजे कोब्यात मुरून तो घट्ट करणारं द्रावण, मारून पॉलिश करा. तो थर नसतो, त्यामुळे ओल निघून जाते आणि सोलण्यासारखं वर काही उरत नाही. आणि घराच्या पार्किंगला मी आजही शहाबादी फरशीच सांगेन. प्लॅस्टिक लावून बघाल त्यांनी जागा आणि महिना खाली लिहा, सांगली-मिरजेत कुठे किती ओल निघते ते पुढच्या व्हिडिओत घेतो.