रुक्मिणीचं पत्र आणि पूर्व भागातली मुलगी

मंडळी, आणि मागच्या रांगेत बसलेल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनो,

आज मी ज्या पुस्तकांविषयी बोलणार आहे त्या कादंबऱ्या आहेत, पण कवितेत लिहिलेल्या. एका पानावर एक छोटी कविता, तिला स्वतःचं शीर्षक, पुढच्या पानावर दुसरी, आणि अशा दोन-अडीचशे पानांतून एका मुलाची किंवा मुलीची पूर्ण गोष्ट. गेल्या तीसेक वर्षांत इंग्रजीत हा प्रकार किशोरांसाठी चांगलाच रुजला. कॅरन हेस यांची ‘आउट ऑफ द डस्ट’ 1997 ची. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात 1934-35 साली पडलेला दुष्काळ, धुळीची वादळं, करपलेला गहू आणि चौदा वर्षांची बिली जो. तिचे पियानो वाजवणारे हात भाजतात, आई जाते, बापाशी बोलणं तुटतं. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या मुलीला हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही. पाऊस न आलेल्या वर्षी घरात माणसं किती कमी बोलतात, हे तिला ठाऊक आहे.

प्रेमाकडे येते. एलिझाबेथ असेवेडो यांच्या ‘द पोएट एक्स’ला 2018 चं अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली पंधरा वर्षांची शिओमारा, आईवडील डोमिनिकन, आई अतिशय धार्मिक. वर्गातला एक मुलगा तिच्या कविता मन लावून ऐकतो. आईला सुगावा लागतो तेव्हा मुलीला तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं जातं, आणि पुढे तिची कवितांची वही जाळली जाते. मुलगा तिला आवडतो, हे खरं. पण तो ऐकतो म्हणून ती बोलू लागते, आणि बोलू लागल्यावर ती कोण आहे हे तिचं तिलाच कळत जातं. मला या सगळ्या पुस्तकांचा गाभा इथे दिसतो. त्या वयातलं प्रेम म्हणजे स्वतःचं म्हणणं मांडण्याची पहिली तालीम असते.

मग ते कवितेतच का? माझी उत्तरं देण्यापेक्षा मी रचलेल्या काही ओळी ऐका. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, खालच्या खोलीत यंत्रमाग, वर अभ्यासाला बसलेली मुलगी.

वीज गेली. माग थांबला.
आता माझा फोन वाजला
तर सगळ्यांना ऐकू येईल.
वाजू नकोस.
वाज.

गद्यात हे लिहिताना मला तिची भीती सांगावी लागली असती, ओढ सांगावी लागली असती, कदाचित मुलाचं नावही. इथे शेवटच्या दोन ओळींच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तिच्यात ती मुलगी उभी आहे. पंधराव्या वर्षी वाक्यं अर्धीच राहतात, पुढचं मनात असतं. पानावरच्या कोऱ्या जागेला तेवढं पुरतं. जाड पुस्तक बघून मागे सरणारं मूलही असं पुस्तक दोन संध्याकाळींत संपवतं, हा फायदा आहेच.

पण गद्याच्या ओळी तोडून एकाखाली एक मांडल्या की कविता होत नाही. अशी पुस्तकंही पुष्कळ निघतात. त्या ओळी सलग जोडून मोठ्याने वाचाव्यात. काहीच हरवलं नाही, तर ती कविता नव्हती.

हा प्रकार परका आहे असं मात्र कोणी म्हणू नये. एकनाथांनी 1571 मध्ये काशीला ‘रुक्मिणी स्वयंवर’ पूर्ण केलं. ओव्यांमध्ये सांगितलेली ती एका तरुण मुलीची गोष्ट आहे. भावाने ठरवलेला नवरा तिला नको आहे, म्हणून ती मनातल्या माणसाला स्वतः पत्र धाडते. लग्नाच्या वयाच्या मुलींनी या ग्रंथाचं पारायण करावं, असं आपल्याच घरांतून सांगितलं जायचं. चांगला नवरा मिळावा हा हेतू होता, पण त्या मुलींच्या तोंडी रोज काय येत होतं ते बघा! आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यातला, म्हणजे यात्रेतला, अक्षता सोहळा घ्या. सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने बोलून दाखवली, या कथेवर तो उभा आहे. पुढे 1926 मध्ये माधव जूलियनांनी ‘विरहतरंग’मध्ये तरुणांचं प्रेम खंडकाव्यात आणलं. नंतर आपली कविता सुट्या कवितांमध्ये रमली, गोष्ट गद्याकडे गेली, आणि आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी हा धागा कोणी हाती घेतला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि सोलापूरइतकी सामग्री कुठे आहे? विड्या वळणारी आई तेलुगूत बोलते, शाळा मराठी, शेजारी कन्नड, मैत्रिणीच्या घरी दखनी. ही मुलगी प्रेमाचं पहिलं वाक्य मनात कोणत्या भाषेत म्हणते? आईशी भांडते कोणत्या भाषेत? कवितेच्या कादंबरीत एक पान एका भाषेचं आणि पुढचं दुसऱ्या भाषेचं असू शकतं. सलग गद्याला ही उडी जड जाते.

तेव्हा मुलांनो, पूर्ण कादंबरीचा विचार सध्या नको. एक प्रसंग, एक पान. यमक जुळवू नका. क्रम नंतर लावता येतो. नाव घालायचं नसेल तर घालू नका. पुढच्या वेळी येताना पानं आणा, तेलुगूत असली तरी आणा, कन्नडमध्ये असली तरी आणा. वाचून दाखवणारी माणसं आपल्यात बसलेली आहेत.