मेलेलं कनेक्शन, अडकलेला काटा

[दृश्य: शिरोली एमआयडीसी, फौंड्रीचं गेट, वजनकाटा]

काट्याच्या केबिनमध्ये एक पीसी, ऑफिसात लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस. वळवाच्या पावसात केबिनची लाइट जाते आणि पीसी एकदम बंद पडतो. कनेक्शन संपल्याचा निरोप सर्व्हरला मिळतच नाही. त्याच्या लेखी ते अजून 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे चालू आहे. अर्धवट व्यवहारानं नोंदींना लावलेलं लॉकही तसंच राहतं. बाकीच्यांची चलनं खोळंबतात.

पलीकडचा जिवंत आहे का, याची चौकशी लिनक्स करतो (याला कीपअलाइव्ह म्हणतात), पण सावकाश. मूळ सेटिंगनुसार ७२०० सेकंद शांत राहतो, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ वेळा विचारतो. पीसी बंदच राहिला तर २ तास ११ मिनिटं. एवढा धीर कुणाला? सर्व्हिसच रिस्टार्ट होते आणि एकापायी सगळे बाहेर फेकले जातात.

[दृश्य: टर्मिनल]

कनेक्शनांची यादी दाखवणारी 'एसएस' कमांड रूट म्हणून चालवा. पर्याय टी, एन, पी, आय. लाइट आल्यावर पीसी पुन्हा जोडला गेलेला असतो, म्हणून एकाच आयपीच्या (पीसीच्या पत्त्याच्या) दोन ओळी दिसतात. फरक पलीकडच्या पोर्टचा, म्हणजे पीसीच्या टोकाच्या नंबरचा. नुसता आयपी देऊन तोडलंत तर चालू कनेक्शनही जाईल. 'लास्टआरसीव्ही' पाहा: शेवटचा डेटा येऊन किती मिलिसेकंद झाले ते तिथं कळतं. तो काळ लाइट जायच्या आधीपर्यंत मागे जात असेल, ती ओळ मेलेली. तिचा पोर्ट टिपून घ्या.

तोडताना आधी पोस्टग्रेसचीच सोय वापरा. 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी'त (चालू कनेक्शनांचा तक्ता) तो पोर्ट शोधा, समोरचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' या तोडणाऱ्या फंक्शनला द्या. ज्या प्रोग्राममध्ये अशी सोयच नाही, तिथं 'एसएस'चा कॅपिटल के, सोबत आयपी आणि पोर्ट दोन्ही. हा फिल्टर विसरलात तर सगळी कनेक्शनं तुटतात, तुम्ही ज्यातून सर्व्हरवर आलात ते एसएसएचसुद्धा. हे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ४.५ पासून आलं, पण कर्नलच्या बिल्डमध्ये तो पर्याय चालू हवा. नसेल तर कमांड मुकाट परत येते, तुटत काहीच नाही. त्यामुळे यादी पुन्हा बघायचीच.

फायरवॉलमध्ये ड्रॉप टाकून भागत नाही. पॅकेट थांबतात, सॉकेट (कनेक्शनचं सर्व्हरकडचं टोक) आणि लॉक जागच्या जागी.

यादीतल्या 'टाइम-वेट'च्या, म्हणजे आधीच बंद झालेल्या कनेक्शनांच्या ओळींना हात लावू नका, ६० सेकंदांत त्या आपोआप जातात. 'क्लोज-वेट' साचत असतील तर पलीकडून बंद झालंय, पण आपला प्रोग्राम सॉकेट बंद करत नाहीये. तिथं प्रोग्रामच दुरुस्त करायला हवा.

पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये कीपअलाइव्हचे तीन आकडे बदला: ६० सेकंद शांतता, १० सेकंदांचं अंतर, ६ प्रयत्न. मग मेलेलं कनेक्शन साधारण २ मिनिटांत सुटतं. यासाठी रिस्टार्ट लागत नाही, रीलोड (सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) पुरतो.