तांब्याची गोळी

उत्तर अ‍ॅरिझोनातलं कायबॅब पठार. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्याला लागून पसरलेलं पाइनचं जंगल. शरदात इथे परवाना काढून म्यूल डिअर हरणांची शिकार होते. त्या शिकारीची तयारी मात्र या टेबलावर चालते.

ही रायफल गनस्मिथकडून खास घडवून घेतलेली. तिची काडतुसं शिकारी स्वतः भरतो.

वापरलेली पितळी पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापावर आणली जाते. तळाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, बसतो. मग बंदुकीची दारू. काट्याकडे नीट पाहा. एका पौंडात ७००० ग्रेन, आणि इथे हिशोब ग्रेनच्या दहाव्या भागाचा. सुरुवात छापील कोष्टकातल्या सर्वांत कमी मापापासून. वरची मर्यादा ओलांडायची नाही. दाब हाताबाहेर गेला तर रायफल चालवणाऱ्याच्या तोंडाशीच फुटते.

आता गोळी. हिच्यात शिसं नाही, ही सबंध तांब्याची. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून नळीतल्या आट्यांचा, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खाचांचा, पीळ जास्त लागतो. नळी निवडतानाच तो विचार झालेला आहे. राहिला प्रश्न गोळी पुंगळीत किती खोल बसवायची याचा. तांब्याची गोळी आट्यांपासून जरा मागे ठेवली की बहुधा चांगली जाते. पण ‘जरा’ म्हणजे किती, ते प्रत्येक नळी वेगळं सांगते.

ते शोधायचं इथे, १०० यार्डांवरच्या कागदावर. तीन छिद्रं जवळ पडली की खूश होणारे पुष्कळ. तीन गोळ्यांनी काहीच सिद्ध होत नाही. तोच भार पुन्हा भरायचा, पुन्हा झाडायचा. शेजारचं यंत्र दर गोळीचा वेग टिपतं. लांब पल्ल्यावर मंद गोळी खाली पडते. शिवाय तांब्याची गोळी हरणात शिरल्यावर फुलायला पुरेसा वेग लागतो. किती लांबून मारायचं हे त्या वेगाने ठरावं, हौसेने नव्हे.

शिशाच्या गोळीचे हरणात बारीक तुकडे होतात. शिकारी आतडी रानात टाकतो, ती कॉन्डर गिधाडं खातात. १९८२मध्ये ती जगात २२ उरली होती. १९९६पासून इथल्याच व्हर्मिलियन क्लिफ्सवर त्यांना सोडलं जातंय, आणि शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे.

कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणली. अ‍ॅरिझोनात अशी सक्ती नाही. इथल्या वन्यजीव खात्याने २००५मध्ये कॉन्डरच्या पट्ट्यातल्या शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि आज त्यांतले बहुतेक जण आपणहून शिसं टाळतात.