शिंगाला काम द्या

(दृश्य : न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातला भिंतीवरचा विणलेला पडदा. कॅमेरा कारंज्यावरून सावकाश खाली, ओहोळाकडे.)

मुलांसाठी युनिकॉर्नची, म्हणजे कल्पनेतल्या एकशिंगी प्राण्याची, गोष्ट किंवा कविता लिहायची, तर सुरुवात इथून करू. साधारण इ. स. १५०० च्या सुमारास विणलेला हा पडदा. कारंज्यातून वाहणारा ओहोळ, आणि गुडघे टेकून पाण्यात शिंग बुडवणारा पांढरा युनिकॉर्न. शेजारी सिंह आणि हरीण. मागे शिकारी गप्पा मारत उभे. सापाने पाण्यात विष सोडलंय, ते युनिकॉर्नचं शिंग उतरवतं, तोवर कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही, अशी त्या काळची समजूत. नीट पाहा : खूर दुभंगलेले आहेत, हनुवटीला बोकडाची दाढी आहे. युनिकॉर्न म्हणजे गुलाबी आयाळीचा घोडा, हे रूप फार पुढे आलं.

विषाशी शिंगाचा संबंध याहून खूप जुना. इ. स. पू. ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसियस याने भारतातल्या एकशिंगी रानगाढवांबद्दल लिहिलं : अंग पांढरं, डोकं लाल, डोळे निळे, शिंग बुडाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला लालभडक. या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही, असंही तो सांगतो. पुढे युरोपातले राजे सोन्याच्या मोलाने ‘शिंगं’ घेत राहिले. ते निघाले नारव्हेल या सागरी प्राण्याचे पीळदार दात. डेन्मार्कच्या ओले वर्म यांनी १६३८ मध्ये हे दाखवून दिलं.

मुलांसाठी लिहिताना यातलं काय घ्यायचं? शिंगाला नेमून दिलेलं काम. आजच्या बऱ्याच युनिकॉर्न-गोष्टींत शिंग नुसतं चमकतं. नाहीतर सगळंच करतं. जखम भरतं, पाऊस पाडतं, हरवलेली आई शोधून देतं. मग पाचव्या पानावरच गोष्ट संपते, कारण अडचण उरतच नाही. काम एकच द्या आणि त्याला मर्यादा घाला. शिंग वाहतं पाणी शुद्ध करतं, साचलेलं नाही, एवढं ठरवलं की पुढची गोष्ट आपोआप सुचते : तळं विषारी झालं, तर कुणाला तरी चर खणावा लागणार. तो सशांनी खणायचा. युनिकॉर्न एकटाच सगळं निस्तरू लागला, की बाकीची पात्रं टाळ्या वाजवायला उरतात.

(दृश्य : टेबलावर पसरलेली कच्ची पानं.)

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले मोठे कागद). शीर्षक आणि श्रेयनामावलीत चार पानं गेली, तर समोरासमोरच्या पानांच्या १४ जोड्या हातात राहतात. तिसऱ्या जोडीपर्यंत अडचण दिसली पाहिजे, आणि सातव्या-आठव्या जोडीपाशी शिंग एकदा तरी फसलं पाहिजे. मजकूर ५०० शब्दांच्या आसपास पुरतो; जे चित्रात दिसतं ते पुन्हा लिहायचं नाही.

चित्रकाराची डोकेदुखी वेगळीच. लांब शिंग दोन पानांवर आडवं पसरलं, तर मधला तुकडा बांधणीच्या घडीत जातो आणि प्राणी मोडक्या शिंगाचा दिसतो. डोकं आणि शिंग एकाच पानावर ठेवावं. पांढऱ्या कागदावर पांढरा प्राणी हरवतो, म्हणून मागे संध्याकाळ किंवा गर्द झाडी हवी. नुसती काळी बाह्यरेषा काढली की तो कापून चिकटवल्यासारखा वाटतो.

कवितेत अष्टाक्षरी सोपी पडते :

एकशिंगी शुभ्र घोडा
पाण्यापाशी थांबे थोडा
शिंग बुडे, विष जाई
सारे पिती, नाही घाई

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चौथ्या अक्षरानंतर हलका श्वास. ‘युनिकॉर्न’ हा शब्द ओळीच्या शेवटी टाळलेला बरा. त्याला यमक सापडतं ते ‘हॉर्न’चं, आणि मग जंगलात मोटार घुसते! जोडाक्षरं लागोपाठ आली की लहान मुलांची जीभ अडखळते, त्यामुळे एका ओळीत दोनांवर जाऊ नये.

कविता तपासायची ती मोठ्याने वाचून. ‘पाण्यापाशी थांबे’ एवढं म्हणून गप्प बसावं. मुलांनी ‘थोडा’ म्हटलं तर ओळ जमली. सगळी नुसती तोंडाकडे बघत राहिली, तर यमक ओढूनताणून आणलेलं आहे. ती ओळ बदलावी.