पिवळा रुमाल पडतो तेव्हा

मैदानाच्या कडेला ही दोन माणसं बघा. हातात नारिंगी काठ्या, आणि काठ्यांच्या मधे बरोबर दहा यार्डांची साखळी. अमेरिकन फुटबॉलचा सगळा हिशेब या साखळीवर चालतो. चेंडू ज्या संघाकडे, त्याला चार प्रयत्न. एकेका प्रयत्नाला म्हणतात डाउन. चारांत दहा यार्ड कापले, की पुन्हा नवे चार. पडद्यावर ‘थर्ड अँड एट’ दिसलं तर समजायचं: तिसरा डाउन चालू आहे, आठ यार्ड बाकी आहेत.

हा नियम वैतागातून आला. 1881 साली प्रिन्स्टन आणि येल या कॉलेजांच्या सामन्यात एका संघाने पूर्वार्धभर चेंडू दाबून ठेवला, दुसऱ्याने उत्तरार्धभर. निकाल शून्य-शून्य. पुढच्याच वर्षी येलचे वॉल्टर कॅम्प यांनी तोडगा काढला: तीन डाउनमध्ये पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. मैदानावर पाच-पाच यार्डांच्या रेघा आल्या त्या यामुळे. 1906 मध्ये पाचाचे दहा यार्ड झाले, 1912 मध्ये तीनाचे चार डाउन.

आता रुमाल. पंचांनी पिवळा रुमाल फेकला म्हणजे फाउल, आणि चूक करणाऱ्या संघाला यार्डांचा दंड. नवखा प्रेक्षक फक्त यार्ड मोजतो. खरी मेख वेगळीच आहे: हा डाउन धरायचा, की पुन्हा खेळायचा? क्रिकेटमध्ये नो-बॉल षटकात धरत नाहीत ना, तसंच. समोरच्या संघाने दंड घेतला, की बहुतेक वेळा डाउन पुन्हा खेळला जातो.

समजा, थर्ड अँड एट. पास हुकला, चेंडू जमिनीवर. पण त्याच वेळी चढाई करणाऱ्या संघातल्या एकाने समोरच्याची जर्सी धरून ठेवली. होल्डिंग, दहा यार्ड. बचाव करणाऱ्या संघापुढे प्रश्न: दंड घ्यायचा? घेतला तर थर्ड अँड एटीन, म्हणजे समोरच्यांना तिसरा डाउन परत. सोडला तर फोर्थ अँड एट, आणि तिथे बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून बचाव करणाऱ्या संघाकडे देऊन टाकतात. म्हणून दंड सोडलेलाच बरा. दहा यार्ड पुढ्यात असताना ‘नको’ म्हणायचं, ही मला या खेळातली सगळ्यात देखणी चाल वाटते.

बचावाच्या होल्डिंगला एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, पाचच यार्ड, पण सोबत आपोआप फर्स्ट डाउन. थर्ड अँड ट्वेंटी असो, वीसातले पाचच मिळाले तरी नवे चार प्रयत्न पदरात!

17 डिसेंबर 2017, ऑकलंड. रेडर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. चौथा डाउन. साखळी ताणली, पण चेंडूचं टोक काठीला पोचलंय का, नुसत्या नजरेला कळेना. मुख्य पंच जीन स्टेरेटोर यांनी कागद दुमडला, उभा धरला आणि चेंडू व काठीच्या मधे सरकवला. डॅलसला फर्स्ट डाउन. पुढे त्यांनी सामना 20-17 असा जिंकला.

2025 च्या हंगामापासून एनएफएलमध्ये हे माप कॅमेरे घेतात. साखळीवाले मात्र आजही कडेला उभे असतात. यंत्र अडलं, तर त्यांनाच आत बोलावतात.