भांडण कोंबडीचं, शुल्क टेम्पोवर

(दृश्य : बंदराचं आवार, रांगेनं उभ्या नव्या व्हॅन)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं बाल्टिमोर बंदर. साल 2009 ते 2013 या दरम्यानचं. तुर्कस्तानातल्या कोजाएलीच्या कारखान्यात तयार झालेल्या फोर्ड ट्रान्झिट कनेक्ट या व्हॅन जहाजातून उतरल्या आहेत. सीमाशुल्काचे कागद झाले, शुल्क भरून झालं. गाड्या अजून बंदराच्या आवारातच आहेत आणि काम सुरू झालंय.

(दृश्य : सरकता दरवाजा, पाना, सुटणारे बोल्ट)

मागच्या सीटचे बोल्ट सुटतात. सीट बाहेर येते, तिच्यामागोमाग पट्टे. पाय ठेवायच्या खोलगट जागेवर पोलादी पत्रा बसतो, म्हणजे माल ठेवायला सपाट तळ मिळतो. काही गाड्यांच्या सरकत्या दरवाजाची काच निघते आणि तिथंही पत्रा लागतो. काढलेल्या सीट पुन्हा कुठल्याच गाडीत बसत नाहीत. कापडाचे तुकडे होतात, लोखंड भंगारात जातं.

(दृश्य : काढलेली सीट, जवळून)

ही सीट नीट बघा. डोकं टेकायला उशी नाही. कापड स्वस्तातलं. ती फक्त समुद्र ओलांडून येण्यासाठी बनवली होती. त्या काळी मागे सीट आणि काचा असल्या की गाडी प्रवासी वाहन ठरायची आणि शुल्क बसायचं 2.5 टक्के. सीट नसली की मालवाहू, आणि शुल्क 25 टक्के. 20,000 डॉलरची गाडी धरली, तर एकीकडे 500 डॉलर, दुसरीकडे 5,000. सीट घालायला आणि काढायला गाडीमागे काहीशे डॉलर खर्च झाले, तरी हिशेब सुटतो.

हा 25 टक्क्यांचा दर आला कुठून? कोंबडीवरून.

(दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रं – कुक्कुटपालनाच्या लांबलचक शेड, गोठवलेल्या कोंबड्यांची खोकी)

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रॉयलर कोंबडी कारखान्यासारखी पिकू लागली. भाव उतरले आणि गोठवलेली कोंबडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात पोचली. तिथला शेतकरी त्या भावाला टिकेना. पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या सहा देशांच्या युरोपीय आर्थिक समुदायानं 1962 च्या जुलैअखेर समाईक कृषी धोरणाखाली आयात कोंबडीवर लेव्ही, म्हणजे जादा आयात कर, बसवली. जर्मनीत पौंडामागे साधारण 5 सेंट असलेला बोजा 13 सेंटांच्या घरात गेला. अमेरिकेची निर्यात कोसळली.

(दृश्य : केनेडी आणि आडेनाउअर)

हे सगळे देश नाटोतले, एकाच बाजूचे. बर्लिनची भिंत उभी राहून वर्षही झालं नव्हतं. कोंबडीचं मोठं उत्पादन असलेल्या आर्कान्सॉ राज्याचे सिनेटर फुलब्राइट यांनी नाटोत अण्वस्त्रांवर चर्चा चालू असताना मध्येच कोंबडीचा विषय काढला. जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर पुढे म्हणाले की, दोन वर्षांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातला जवळजवळ निम्मा कोंबड्यांबद्दलच होता.

(दृश्य : जिनिव्हा, गॅटची बैठक)

अमेरिकेनं युरोपच्या मालावर उलट शुल्क लावायचं ठरवलं. अशा प्रत्युत्तराची यादी कशी बनते ते बघू. आधी नुकसानीचा आकडा ठरतो. अमेरिकेचा दावा 4.6 कोटी डॉलरचा, युरोपचं म्हणणं 1.9 कोटी. गॅट, म्हणजे तेव्हाचा जागतिक व्यापार-शुल्क करार, त्याच्या तज्ज्ञ समितीनं 1963 च्या नोव्हेंबरात 2.6 कोटी डॉलर ठरवले. तेवढ्याच किमतीच्या व्यापारावर अमेरिकेनं शुल्कातली सवलत मागे घ्यायची, त्याहून जास्त नाही. मग वस्तू निवडायच्या. त्या समोरच्यांकडून भरपूर येणाऱ्या हव्यात, पण इतर देशांकडून फारशा येणाऱ्या नकोत, कारण सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा नियम आडवा येतो. एकट्या जर्मनीवर शुल्क लावता येत नाही, लावलं की ते सगळ्यांना लागतं. म्हणून नेम धरावा लागतो तो वस्तूवर, देशावर नव्हे.

यादीत चार नावं आली : बटाट्याचा स्टार्च, स्टार्चपासूनच बनणारं डेक्स्ट्रिन, महागडी ब्रँडी आणि हलके ट्रक. ब्रँडी म्हणजे फ्रान्स, स्टार्च म्हणजे मुख्यतः नेदरलँड्स, आणि हलका ट्रक म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन आणि पिकअप. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 4 डिसेंबर 1963 ला घोषणेवर सही केली, 7 जानेवारी 1964 पासून अंमल. ट्रकवरचं शुल्क 8.5 वरून थेट 25 टक्के.

(दृश्य : फोक्सवॅगनची पिकअप, मागचा हौदा)

वर्षभरात पश्चिम जर्मनीतून येणाऱ्या ट्रकची किंमत आधीच्या जेमतेम एक तृतीयांशावर आली. प्रत्युत्तराचं काम इथं झालं होतं. आमच्या मते पुढचं सगळं बिघडलं ते एका गोष्टीनं, यादीला मुदत नव्हती. बाकीच्या तीन वस्तूंवरचं शुल्क यथावकाश उठलं. ट्रकवरचं राहिलं. कोंबडीशी काडीचा संबंध नसलेल्या जपानच्या वाट्याला ते आलं.

(दृश्य : सांगाडा-ट्रक, क्रेननं बसणारा हौदा)

मग पळवाटा निघाल्या. पुढची केबिन आणि खाली चासी म्हणजे चाकांवरचा सांगाडा, मागे हौदा नाही, असा अर्धवट ट्रक आणला तर शुल्क 4 टक्के. माझदानं बनवलेली फोर्ड कुरिअर आणि इसुझूनं बनवलेली शेव्हरले लव्ह अशाच यायच्या आणि हौदा अमेरिकेत बसायचा. 1980 मध्ये सीमाशुल्क खात्यानं वर्गवारी बदलली आणि ही वाट बंद झाली.

(दृश्य : सुबारू ब्रॅट, मागे तोंड करून बसलेली दोन मुलं)

सुबारूनं 1978 च्या सुमारास ब्रॅट आणली. उघड्या हौद्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, मागे तोंड करून, धरायला दांड्या. खुर्च्या आहेत, म्हणजे प्रवासी गाडी.

(दृश्य : ड्युसेलडॉर्फ, मग साउथ कॅरोलिनातलं लॅडसन)

मर्सिडीजची तऱ्हा सर्वांत खर्चिक. ड्युसेलडॉर्फला स्प्रिंटर व्हॅन पूर्ण बनवायची. मग इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, इंधनाची टाकी, एक्झॉस्ट उतरवायचं, सांगाडा आणि भाग वेगवेगळे पाठवायचे आणि 2006 पासून लॅडसनला तीच गाडी परत जोडायची. मधे काही बोल्ट वाकडे गेले, वायरिंगचा एखादा कनेक्टर नीट बसला नाही, तर एकदा झालेलं काम पुन्हा करायचं. 2018 मध्ये तिथंच पूर्ण उत्पादन सुरू झालं.

(दृश्य : न्यायालयाची इमारत)

फोर्डची सीट मात्र कोर्टात अडकली. माल देशात शिरताना ज्या अवस्थेत असतो त्यावरून वर्गवारी होते, हा जुना नियम, आणि त्यावर 2017 मध्ये कंपनी जिंकली. 2019 मध्ये वरच्या न्यायालयानं निकाल फिरवला. प्रवासी वाहनाचं कलम सांगतं, मुख्यतः माणसं नेण्यासाठी घडवलेली गाडी. मग ती पुढे कशाला वापरली जाते हेही बघायला हवं, आणि बिनउशीची स्वस्त सीट हा ती माणसं नेण्यासाठी नसल्याचाच पुरावा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. 2024 च्या मार्चमध्ये 36.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली.

या साठ वर्षांचा भार पडला व्हॅन घेणाऱ्या प्लंबरवर, इलेक्ट्रिशियनवर, सुतारावर.

(दृश्य : वाशीचा बाजार, बदामाच्या गोणी)

यादी मागेही घेता येते. अमेरिकेनं 2018 मध्ये आयात पोलादावर 25 आणि अ‍ॅल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावलं. त्याला उत्तर म्हणून भारतानं 16 जून 2019 पासून 28 अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क बसवलं : सफरचंद, अक्रोड, हरभरा, मसूर, बदाम. कॅलिफोर्नियाच्या सोललेल्या बदामावर किलोमागे 20 रुपये, कवचासकट असेल तर 7. जून 2023 मध्ये दोन्ही देशांनी सहा वाद मिटवले आणि सप्टेंबरात बदामावरचे हे जादा रुपये उतरले. सव्वाचार वर्षं लागली.

(दृश्य : सोलच्या वाटेवरचं बंदर, उभे पिकअप)

दक्षिण कोरियाबरोबरच्या मुक्त व्यापार करारात अमेरिकेचं ट्रकवरचं 25 टक्के शुल्क 2021 पर्यंत संपायचं होतं. 2018 मध्ये करार पुन्हा उघडला आणि तारीख 2041 झाली.